समुद्र न काढता समुद्राचं चित्र: उन्हाळी कलर फील्ड घरी कसं करायचं

पहिलंच सांगतो, या चित्रात होडी नाही, माड नाही, मावळता सूर्य नाही आणि वाळूत पाठमोरी बसलेली जोडी तर नाहीच नाही. कलर फील्ड म्हणजे रंगाचे मोठे पट्टे नाहीतर चौकोन, एकमेकाला लागून, बास एवढंच. आता हे आपल्या बेळगावात पटवायला जरा वेळ लागतो कारण इथली नजर वास्तववादी चित्रावर तयार झालेली, चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली इथं किती जण शिकले, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळं कुणी घरात ब्रश हातात घेतला की शेजारचे काका येऊन आधी नाकडोळे जमलेत का तेच बघणार. आणि तुम्ही तीन पट्टे दाखवलेत की "बरं, आता यावर काय काढणार?" असं विचारणार. विचारू देत की.

थोडी माहिती म्हणून, या प्रकारानं १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला जोर धरला, मार्क रॉथ्को, बार्नेट न्यूमन, क्लिफर्ड स्टिल ही मोठी नावं. हेलन फ्रँकेन्थेलर नावाची बाई होती, ती १९५२ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा किनारा बघून आली आणि स्टुडिओत येऊन जमिनीवर अंथरलेल्या कोऱ्या कापडावर पातळ रंग ओतून मोठं चित्र केलं, त्यात डोंगर आणि समुद्र दोन्ही आहेत पण दोन्ही ओळखू येत नाहीत. तेव्हा किनारा बघून येऊन घरी बसून असं चित्र करणं हे काय आपण नवीन करत नाही आहोत. आपल्याकडं बघायचं तर वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा १९२४ चा, घराणं मूळचं गोव्याचं, रोलर आणि पॅलेट नाईफ वापरून रंगाचे थर चढवायचे आणि खरवडायचे. ते स्वतःच्या चित्रांना ॲबस्ट्रॅक्ट म्हणू द्यायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याही वस्तूवरून न काढलेलं. त्यांचं चित्र फोटोत बघून काही कळत नाही, कुठं प्रत्यक्ष बघायला मिळालं तर सोडू नका.

आता कामाचं. उन्हाळ्याचा समुद्र करायचा म्हणजे बहुतेक जण काय करतात, वर निळा, मध्ये गडद निळा, खाली पिवळा, आणि ते टूथपेस्टच्या खोक्यावरचं चित्र दिसायला लागतं. त्यात ऊन कुठंच नसतं. ऊन वरून लावता येत नाही, ते खालच्या थरात असावं लागतं, म्हणजे आधी सगळ्या कॅनव्हासवर तापलेला रंग आणि त्याच्यावर थंड रंग, आणि वरच्या रंगाच्या फटीतून, कडेतून खालचं जे डोकावतं ते ऊन. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, बाकी सगळं तपशील.

आधी बघायचं कसं ते. मे महिन्यात पोरांना सुट्टी पडली की आपण सगळे आंबोली उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याला नाहीतर शिरोड्याला जातो, कुणी चोर्ल्यातून गोव्याला, कुणी कारवारला. तिथं गेल्यावर फोन काढायच्या आधी डोळे किलकिले करून समुद्राकडं बघा, इतके किलकिले की लाटा, माणसं, छत्र्या सगळं पुसलं जाऊन नुसते तीनचार रंग उरले पाहिजेत. मग हात समोर लांब करून बोटं आडवी धरायची आणि मोजायचं, आकाश किती बोटं, पाणी किती, ओली वाळू किती, कोरडी किती. तुम्हाला वाटेल पाणी भरपूर असणार. नसतं! किनाऱ्यावर उभं राहून बघितलं की पाणी एक दोन बोटंच भरतं, उरलेलं सगळं आकाश आणि वाळू. हे प्रमाण वहीत लिहून ठेवा, चित्राचा निम्मा सांगाडा तिथंच झाला.

आणि रंग. भर दुपारचा मे महिन्यातला अरबी समुद्र निळा नसतो हो. हवेत बाष्प इतकं असतं की आकाश पांढुरकं, किंचित पिवळट, आणि पाणी राखाडी हिरवं, लांबवर क्षितिजाची रेघ कुठं आहे ते सांगता येत नाही. फोनमधला फोटो हे सगळं स्वतःच्या मनानं निळं करून ठेवतो, म्हणून फोटोवर विसंबू नका, छोट्या वॉटरकलरच्या डबीनं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तिथंच बसून नुसते ठिपके लावा आणि शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी सहानंतर तेच पाणी जांभळट राखाडी होतं, सूर्य साधारण सातला बुडतो आणि बुडाल्यावरची दहा पंधरा मिनिटं खरी, लोक तेव्हा उठून भजी खायला जातात.

एक गोष्ट मुद्दाम जवळून बघा. लाट परत गेली की मागं राहिलेली वाळू दोनचार सेकंद आरशासारखी आकाशाचा रंग घेते, अगदी तोच रंग पण एक पायरी गडद, आणि मग पाणी मुरत जातं तसं कडेपासून तिचा चकाकपणा जातो आणि मातकट तपकिरी रंग वर येतो. त्या चकचकीत आणि मातकटच्या मध्ये जी सीमा असते ती सरळ नसते, तुटक असते आणि हळूहळू समुद्राकडं सरकत जाते. आपल्या चित्रातल्या कडा करायच्या त्या अशा. हे बघितलं नसेल तर कड फक्त "ब्लेंड" करून टाकाल, आणि ब्लेंड केलेली कड म्हणजे गुळगुळीत पोस्टर.

शिरोड्याला गेलात तर मिठागरं नक्की बघा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळं शिरोड्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे पण चित्रकारानं तिथं बघायचं ते वाफे, चौकोन, प्रत्येकात पाण्याची खोली वेगळी त्यामुळं रंग वेगळा, आणि मधे मातीचे बांध. म्हणजे तयार कलर फील्डच की ते, निसर्गानं नाही माणसानं केलेलं. ज्याला पट्टे कंटाळवाणे वाटतात त्यानं चौकोन घ्यावेत.

सामान. कॅनव्हास तयार मिळतो, पण मोठा घ्यायला गेलात की महाग पडतो, आणि या प्रकारात लहान चित्र खरंच काही बोलत नाही, निदान २४ बाय ३० इंच पाहिजे. म्हणून सुताराकडनं चौकट करून घ्या आणि खडेबाजारातल्या कापड दुकानातनं जाड मांजरपाट आणा. सुताराला एक गोष्ट बजावून सांगा, पट्टीची आतली कड तासून उतरती करायची, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हे केलं नाही तर रंग लावताना आतल्या कडेची रेघ कापडावर उमटते, आणि माणसांच्या चित्रात ती लपून जाते पण आपल्या मोकळ्या रंगात चारी बाजूनं चौकट दिसायला लागते, मग काही केलं तरी जात नाही. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुवून खळ काढायची, वाळवायचं, इस्त्री करायची, मग ताणायचं. चारी बाजूंच्या मधोमध आधी एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, मारायची आणि तिथून कोपऱ्याकडं सरकायचं, एका बाजूनं सुरू केलं तर कापड तिरकं ओढलं जातं.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, म्हणून जेसोचे दोन हात, पहिला आडवा दुसरा उभा, मधे वाळू द्यायचं आणि दुसरा वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा. रंग अॅक्रिलिक, कॅमलचे आर्टिस्ट ट्यूब चालतात, भारीतले परदेशी असतील तर उत्तम पण नसले म्हणून काही अडत नाही. पांढरा मात्र मोठा आणा कारण सगळ्यात जास्त तोच लागतो. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिमझन (गडद लाल) आणि एक नारिंगी, एवढ्यात सगळं होतं. काळा आणू नका. थॅलो ब्लू पण नको, तो इतका जोरकस असतो की टिकलीएवढा पडला तरी सगळं मिश्रण ताब्यात घेतो आणि आपला समुद्र मालदीवचा होतो. ब्रश हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची आणि तीन इंची चपटा, पण वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटांनी ओढून सुटे केस काढून टाका, नाहीतर ते चित्रात चिकटतात. शिवाय पाण्याचा स्प्रे, जुना सुती पंचा, मास्किंग टेप आणि मॅट मीडियमची बाटली.

मॅट मीडियम कशाला तर रंग पातळ करायला. नुसत्या पाण्यानं खूप पातळ केला तर प्रायमर लावलेल्या कॅनव्हासवर रंगाला धरून ठेवणारं बाइंडर कमी पडतं आणि वाळल्यावर हात फिरवला की भुकटी येते, म्हणून थोडं पाणी आणि बाकी मीडियम.

आता खालचा थर. नारिंगीत थोडा क्रिमझन आणि थोडा ऑकर घालून पिकलेल्या काजूच्या बोंडाचा जो रंग असतो ना लालसर केशरी, तिथपर्यंत आणा, मीडियम घालून ताकाएवढा पातळ करा आणि सगळ्या कॅनव्हासवर फासून टाका, कडेच्या जाडीवर सुद्धा. सारखा लागला पाहिजे असं काही नाही, उलट कुठं दाट कुठं पातळ राहिला तर बरंच, पंच्यानं दोनचार ठिकाणी पुसून घ्या. घरातले घाबरतील एवढा भडक दिसेल. दिसू दे. यातलं ऐंशी नव्वद टक्के झाकलं जाणार आहे.

वाळेपर्यंत वरचे रंग तयार करा आणि इथं वेळ घालवा, कारण कलर फील्डमध्ये ड्रॉइंग नसतं त्यामुळं सगळी परीक्षा मिश्रणात असते. दुपारच्या आकाशाला भरपूर पांढरा, त्यात ऑकर चिमूटभर, अल्ट्रामरीन त्याहून कमी. हिरवट झाक यायला लागली तर बर्न्ट सिएनाचं टोक लावा, जाते. पाण्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून आधी राखाडी करा, या दोघांतून फार सुंदर जिवंत राखाडी येतो, काळा-पांढऱ्यातून येतो तसला मेलेला नाही, मग त्यात ऑकर घालत हिरव्याकडं न्या आणि पांढऱ्यानं उजळा. कोरडी वाळू पांढरा, ऑकर, जरासा सिएना. ओल्या वाळूला नवीन रंग करू नका, आकाशाचंच मिश्रण वेगळ्या वाटीत काढून त्यात सिएना आणि अल्ट्रामरीन घालून एक पायरी गडद करा, म्हणजे दोन्ही रंग नात्यातले वाटतात. शिरोड्याजवळच्या रेडी गावाच्या बाजूचा किनारा करायचा असेल तर सिएना वाढवा, तिथं लोहखनिजाच्या खाणी असल्यामुळं सगळ्यालाच लाल झाक असते. प्रत्येक रंग एका बंद डबीत भरपूर करून ठेवा, मधे संपला तर तोच रंग परत जमवणं म्हणजे डोक्याला ताप.

हे लक्षात असू द्या की अॅक्रिलिक ओला असताना फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, कारण त्यातलं बाइंडर ओलं असताना दुधी असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं. म्हणून डबीत बघून ठरवू नका, कॅनव्हासच्या तुकड्यावर लावून हेअर ड्रायरनं वाळवून मग ठरवा. आणि तो तुकडा केशरी थरावरच लावून बघा. पांढऱ्या कागदावर राखाडी दिसणारा रंग केशरीच्या शेजारी निळा दिसायला लागतो, हा भास आहे पण पक्का भास आहे, शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्ये शेजारच्या रंगामुळं रंग बदलून कसा दिसतो ते सगळं मांडून ठेवलंय. आपल्याला याचा फायदा असा की भडक निळा न वापरता समुद्र निळा दाखवता येतो.

प्रमाण वहीतलं घ्या पण मधोमध भाग पाडू नका, अर्धं आकाश अर्धी वाळू केलीत की डोळा लगेच चित्र सोडून देतो. वरचे सात भाग आकाश, एक भाग पाणी, एक ओली वाळू, तीन कोरडी, असं काहीतरी. किंवा आकाश एकदम काढूनच टाका, नुसतं पाणी आणि वाळू, तेही भारी दिसतं.

रंग चढवताना पातळ थर, तीन, चार, पाच, पाहिजे तितके, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. ब्रश पहिल्यांदा आडवा, मग उभा, मग तिरका, कुठल्याच दिशेच्या रेघा राहता कामा नयेत. एप्रिलमध्ये आपल्याकडं थर पंधरा वीस मिनिटात वाळतो, जुलैत झड लागली असली की तासभर गेला तरी बोटाला चिकट लागतो, तेव्हा घाई केली तर खालचा थर सालीसारखा उचलला जातो. आकाशाच्या शेवटच्या थरात मधोमध जरा जास्त पांढरा घ्या आणि कडेला जाता जाता कमी, म्हणजे नजर आत ओढली जाते. गच्चीत करणार असाल तर वाऱ्याचं बघा, मेमध्ये आपल्याकडं संध्याकाळी वारं सुटलं की तांबडी धूळ येऊन ओल्या रंगावर बसते, आणि वळीव कधी येईल सांगता येत नाही, ढग चढायला लागले की आधी कॅनव्हास आत, मग वाळत घातलेले कपडे.

आता कडा, माझ्या मते चित्र होतं किंवा बिघडतं ते इथं. आकाश आणि पाण्याची कड जवळजवळ नाहीशी करायची, त्याला दोन्ही रंग ओले असताना मधे स्प्रेचा हलका फवारा मारा आणि स्वच्छ कोरडा मऊ ब्रश एकदाच आडवा ओढा. एकदाच! तीनचारदा ओढला की चिखल. पाणी आणि ओल्या वाळूच्या मधे मात्र एक बारीक फट सोडायची, रंग लावताना दोन्ही बाजूनं थांबायचं, आणि त्या फटीतनं खालचा केशरी दिसला पाहिजे, कुठं सुतळीएवढा, कुठं केसाएवढा, कुठं तुटलेला. पट्टीनं आखू नका, ब्रश सरळ धरून खांद्यातनं हात हलवा, मनगटातनं हलवला की रेघ चित्रकलेच्या वहीतली होते. ओल्या आणि कोरड्या वाळूची कड कोरड्या ब्रशनं, म्हणजे ब्रशवर रंग घेऊन पंच्यावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि मग घासत न्यायचा, तो कापडाच्या उंचवट्यावरच लागतो आणि खाचेत खालचा रंग राहतो. आणि एखादी कड टेप लावून धारदार करायची असेल, मिठागराच्या चौकोनांना ती शोभते, तर टेप चिकटवल्यावर त्याच्या काठावर आधी मॅट मीडियमचा हात द्या, ते टेपखालची बारीक छिद्रं बुजवतं, मग रंग आत पाझरत नाही. रंग पूर्ण वाळायच्या आत टेप काढायची, तिरकी ओढून.

ज्यांना ब्रशचा कंटाळा त्यांनी ओतायची पद्धत करून बघावी. प्रायमर न लावलेला, धुतलेला मांजरपाट प्लास्टिकवर फरशीवर अंथरायचा, स्प्रेनं ओला करायचा आणि पाण्यासारखा पातळ अॅक्रिलिक वाटीतनं ओतायचा, कापड उचलून कलवायचं, स्पंजनं ढकलायचं. इथं पाणी जास्त चालतं कारण रंग कापडाच्या धाग्यात मुरतो, वर बसत नाही. फ्रँकेन्थेलरनं सुरुवातीला हे टर्पेंटाइननं पातळ केलेल्या तैलरंगात केलं, पण तेल कोऱ्या कापडाला हळूहळू खातं आणि रंगाभोवती तेलकट डाग पसरतो, म्हणून आपण अॅक्रिलिकच घ्यायचं. यात केशरी आधी ओतून पूर्ण वाळवायचा, मग थंड रंग. ताबा कमी राहतो, काही तुकडे वाया जातात, पण मांजरपाट स्वस्त आहे.

झालं की नाही हे ठरवायला चित्र भिंतीला टेकवून खोलीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बघा, मग उलटं करून बघा. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. त्यात आकाश आणि वाळू एकाच राखाडी रंगाची दिसली तर एकीला उजळ किंवा गडद करायला पाहिजे. मग एकदम जवळ जा, रॉथ्कोची तर इच्छाच होती की त्याची मोठी चित्रं लोकांनी जवळ उभं राहून बघावीत. जवळून केशरी सगळीकडं थोडा थोडा सापडतो का बघा, एखाद्या भागात तो पूर्ण गेला असेल तर तिथं पॉलिश पेपरनं वरचा थर जरा घासा, परत येतो. शंका आली की आणखी रंग घालायचा मोह होतो, त्यापेक्षा चित्र दोन दिवस भिंतीकडं तोंड करून ठेवा.

सही समोर करू नका, मोकळ्या रंगात ती माशी बसल्यासारखी दिसते, मागं पेन्सिलनं नाव आणि साल लिहा. व्हार्निश मॅटच घ्या, ग्लॉसनं रंग खुलतो खरा पण ट्यूबलाइट त्यात सरळ उमटते आणि मग चित्राच्या जागी ट्यूबलाइट बघत बसायचं. फ्रेम केलीत तरी काच नको, त्याच कारणानं. आणि आपल्याकडचा पाऊस धरून बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, अजिबात टांगू नका, ओल येऊन मागनं बुरशी धरते. आतली भिंत निवडा आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागं बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि कापडाच्या मधे हवा खेळते.